स्फटिकाला डोळा देणारे जगदीशचंद्र

परदेशात वाढणाऱ्या आपल्या मुलांना बोस हे नाव सांगितलं की त्यांना आधी हेडफोन आठवतो. आपल्याला सुभाषबाबू आठवतात. विज्ञान शिकलेल्यांना सत्येंद्रनाथ आठवतात, ज्यांच्या नावावरून बोसॉन हा शब्द आला. जगदीशचंद्रांचा नंबर त्यानंतर लागतो. त्यांच्याबद्दल शाळेच्या पुस्तकातलं एकच वाक्य आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं: झाडांना जीव असतो हे त्यांनी सिद्ध केलं. आता झाडं सजीव आहेत हे आपल्या आजीलाही ठाऊक होतं. दिवेलागणीनंतर तुळशीचं पान तोडू द्यायची नाही ती. जगदीशचंद्रांनी केलं ते याहून बरंच वेगळं होतं. त्यातला एक भाग तर आज आपल्या प्रत्येकाच्या खिशात आहे आणि नेमका तोच पुस्तकात नव्हता.

मोबाइल उन्हात नेला की स्क्रीन आपोआप उजळते. टीव्हीचा रिमोट दाबला की टीव्हीला ते कळतं. कोविडच्या काळात आपण सगळ्यांनी बोटाला लावलेला तो ऑक्सिजन मोजायचा चिमटा आठवा. या प्रत्येकात एक बारीकसा स्फटिक बसवलेला असतो. त्याच्यावर प्रकाश पडला की त्यातून विजेचा प्रवाह वाहतो किंवा वाहणारा प्रवाह बदलतो. म्हणजे स्फटिकाला दिसतं असं म्हणायला हरकत नाही. सध्या हे काम बहुतेक ठिकाणी सिलिकॉन करतं. पण गेली दहा-बारा वर्षं जगभरच्या प्रयोगशाळांत एका नव्या स्फटिकाचा बोलबाला आहे. त्याचं नाव हायब्रिड पेरोव्हस्काइट. माझी मुलगी इथे ब्रिटनमध्ये विद्यापीठात त्यावर प्रोजेक्ट करते, म्हणून हा शब्द आमच्या जेवणाच्या टेबलावर आला. तिच्याशी बोलताना लक्षात आलं, की शिशाच्या स्फटिकाला पाहायला शिकवण्याची ही गोष्ट कोलकात्यात, प्रेसिडेन्सी कॉलेजच्या एका अडगळीएवढ्या खोलीतल्या माणसापाशी जाऊन पोचते. त्या माणसाची ही हकिगत.

जगदीशचंद्रांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ चा, मैमनसिंहचा. आज ते गाव बांगलादेशात आहे. वडील भगवानचंद्र सरकारी नोकरीत, डेप्युटी मॅजिस्ट्रेट. त्या काळात असा हुद्दा असलेला माणूस मुलाला इंग्रजी शाळेत घालायचा. भगवानचंद्रांनी मुलाला गावच्या बंगाली पाठशाळेत घातलं. आधी आपली भाषा आणि आपली माणसं कळू देत, इंग्रजी काय नंतर येईलच, असा त्यांचा हिशेब. वर्गात शेजारी कोळ्याचा मुलगा, चपराशाचा मुलगा. त्यांच्याकडून मासे, पाखरं, नदी यांच्या गोष्टी ऐकत जगदीश मोठा झाला. मुलांच्या शाळेचं माध्यम कोणतं, घरात मराठी बोलायचं की नाही, या प्रश्नावर आपल्यापैकी कितीतरी घरांत वाद होतात. त्यांना हा बाप आपला वाटेल.

या बापाची आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. त्यांनी एका दरोडेखोराला शिक्षा ठोठावली होती. तो सुटून आला आणि आता पोट कसं भरू म्हणून त्यांच्यापुढेच उभा राहिला. भगवानचंद्रांनी त्याला घरी कामावर ठेवून घेतलं, आणि काम काय दिलं, तर छोट्या जगदीशला खांद्यावर बसवून शाळेत पोचवायचं. जाता-येता तो आपल्या दरोड्यांच्या आणि मारामाऱ्यांच्या कहाण्या सांगायचा. समोरच्याने कितीही दबाव आणला तरी मागे हटायचं नाही, हा धडा जगदीशला बहुधा त्या खांद्यावर बसूनच मिळाला असावा.

पुढे कोलकात्यात सेंट झेवियर्समध्ये त्यांना फादर लाफों हे जेझुइट शिक्षक भेटले. हे गृहस्थ वर्गात प्रयोग करून दाखवायचे, तेही असे की मुलांच्या डोळ्यांचं पातं लवू नये. भौतिकशास्त्राची गोडी तिथे लागली. पण घरची परिस्थिती तोवर बिघडली होती. भगवानचंद्रांनी लोकांना रोजगार मिळावा म्हणून एकामागून एक उद्योग काढले आणि त्यात हात पोळून घेतले. कर्ज डोक्यावर बसलं. अशा वेळी मुलाला विलायतेला पाठवायचं म्हणजे केवढा खर्च! तरी १८८० साली जगदीशचंद्र लंडनला डॉक्टरी शिकायला निघाले. निघण्यापूर्वी आसामात जडलेला ताप पाठ सोडेना. शवविच्छेदनाच्या खोलीतल्या वासाने तो आणखी बळावला. शेवटी डॉक्टरी सोडावी लागली. ते केम्ब्रिजच्या ख्राइस्ट्स कॉलेजमध्ये दाखल झाले आणि निसर्गविज्ञान शिकू लागले. तिथे लॉर्ड रॅले त्यांना भौतिकशास्त्र शिकवायला होते. त्यांचा लोभ पुढे आयुष्यभर टिकला. १८८४ मध्ये केम्ब्रिज आणि लंडन अशा दोन्ही विद्यापीठांच्या पदव्या घेऊन ते मोकळे झाले आणि पुढच्या वर्षी भारतात परतले.

परतल्यावर पहिला सामना झाला तो पगाराशी. प्रेसिडेन्सी कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाची जागा मिळाली खरी. पण त्या काळी सरकारी शिक्षणसेवेत एकाच जागेसाठी दोन दर होते. गोऱ्या प्राध्यापकाला पूर्ण पगार, हिंदी प्राध्यापकाला त्याच्या दोनतृतीयांश. बोसांची नेमणूक हंगामी, म्हणून त्याच्याही निम्मे. म्हणजे शेजारच्या वर्गात तेच शिकवणाऱ्या गोऱ्या सहकाऱ्याच्या एकतृतीयांश पगार हातात. हिंदी माणसाला विज्ञान शिकवायला जमणारच नाही, अशी वरिष्ठांची धारणा होती. आखातात काम केलेल्या वाचकांना हे वाचून फारसं नवल वाटणार नाही. काम तेच, खुर्ची तीच, पण पगार पासपोर्ट बघून ठरतो, हा अनुभव आपल्यातल्या अनेकांच्या गाठीला आहे.

बोसांनी काय केलं? त्यांनी राजीनामा दिला नाही, अर्जविनंत्या करत बसले नाहीत आणि काम तर अजिबात टाळलं नाही. दर महिन्याला येणारा पगार ते घेईनात, एवढंच. एक महिना झाला, सहा महिने झाले, वर्ष झालं. वर्ग मात्र एकही चुकवला नाही. असं तीन वर्षं चाललं. वडिलांचं कर्ज डोक्यावर तसंच होतं. याच काळात, १८८७ साली, त्यांचं अबलाबाईंशी लग्न झालं. अबलाबाई मद्रासला जाऊन वैद्यकीय शिक्षण घेतलेल्या, करारी बाई. नवऱ्याच्या घरात पगार येत नाही हे माहीत असूनही त्यांनी संसार मांडला आणि तो निभावून नेला. अखेर सरकार नमलं. नेमणूक कायम झाली आणि पहिल्या दिवसापासूनचा पूर्ण पगार थकबाकीसह हातात पडला. ती रक्कम, त्यात गावची जमीन आणि आईचे दागिने विकून आलेले पैसे घालून त्यांनी वडिलांच्या कर्जदारीचा डाग पुसून टाकला.

वयाची पस्तिशी उलटेपर्यंत बोसांच्या नावावर संशोधन म्हणावं असं काही नव्हतं. १८९४ च्या आपल्या वाढदिवशी त्यांनी ठरवलं, की आता यापुढचं आयुष्य शोधाला द्यायचं. कॉलेजात प्रयोगशाळा नव्हती. न्हाणीघराशेजारी जेमतेम २४ चौरस फुटांची एक जागा होती, तिथे त्यांनी बस्तान बसवलं. मदतीला शास्त्रज्ञ कुठून मिळणार? एका देशी कल्हईवाल्या-पत्रेवाल्या कारागिराला हाताशी धरलं आणि उपकरणं त्याच्याकडून घडवून घेतली. खर्च स्वतःच्या खिशातून.

त्या वेळी युरोपात हर्ट्झने शोधलेल्या विद्युत्-लहरींचा बोलबाला होता. बहुतेक जण मीटरच्या मापातल्या लांब लहरींवर काम करत. बोस उलट्या दिशेने गेले. त्यांनी अवघ्या ५ मिलिमीटर लांबीपर्यंतच्या लहरी तयार केल्या. कारण सरळ होतं. प्रकाश आणि विद्युत्-लहरी ही एकाच कुळातली भावंडं असतील, तर लहरी जितक्या छोट्या कराव्यात तितकं त्यांचं वागणं प्रकाशासारखं दिसायला हवं आणि ते टेबलावर मावेल एवढ्या उपकरणात तपासता यायला हवं. आरशाऐवजी धातूचे पत्रे, भिंगाऐवजी गंधकाचे गोळे, आणि लहरींना पीळ देण्यासाठी चक्क बंगालचा ताग, असं सगळं हाताशी होतं ते वापरून त्यांनी प्रकाशाचे नियम या लहरींवर पडताळून पाहिले. १८९५ मध्ये पहिला निबंध एशियाटिक सोसायटीत वाचला गेला. त्याच सुमारास त्यांनी कोलकात्यात जाहीर प्रयोग करून भिंतींपलीकडच्या खोलीतली घंटा तारेशिवाय वाजवून दाखवली आणि दारू उडवून दाखवली.

१८९६ मध्ये ते पत्नीसह इंग्लंडला आले. लिव्हरपूलच्या ब्रिटिश असोसिएशनच्या सभेत त्यांनी ते चिमुकलं उपकरण मांडलं. श्रोत्यांत लॉर्ड केल्व्हिन होते. भाषण संपल्यावर ते म्हातारे गृहस्थ पाय लंगडत असूनही जिना चढून वर स्त्रियांच्या सज्जात गेले आणि त्यांनी अबलाबाईंचं अभिनंदन केलं. पुढे २९ जानेवारी १८९७ ला लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये शुक्रवारच्या प्रसिद्ध व्याख्यानमालेत बोसांचं व्याख्यान झालं. फॅरडेने जी मालिका सुरू केली, तीत एका हिंदी माणसाला आदराने बोलावलं जाणं ही तेव्हा लहान गोष्ट नव्हती.

आता येऊ स्फटिकाकडे. लहरी निर्माण करणं एक, पण त्या आल्या आहेत हे कळायचं कसं? त्यासाठी तेव्हा कोहिअरर नावाची युक्ती वापरत. काचेच्या नळीत धातूचा कीस भरायचा. लहर आली की कण एकमेकांना चिकटतात आणि वीज वाहू लागते. मग नळीला टिचकी मारून कण पुन्हा सुटे करायचे. कोलकात्याच्या दमट हवेत हा कीस गंजायचा आणि भरवशाचा राहायचा नाही. म्हणून बोसांनी एकामागून एक पदार्थ तपासायला घेतले. कितीतरी धातू आणि खनिजं झाली. त्यात त्यांच्या हाती लागला गॅलेना. गॅलेना म्हणजे शिसे आणि गंधक यांचं चमकदार काळं खनिज. आपल्याकडे सुरमा म्हणून डोळ्यांत घालतात ती पूड पुष्कळदा गॅलेनाचीच असते. त्यात शिसं असतं म्हणून इथले डॉक्टर आईबापांना बजावतात, की भारतातून आणलेला सुरमा बाळाच्या डोळ्यांत घालू नका. तर हा डोळ्यात घालायचा दगड बोसांनी घेतला आणि त्याचाच डोळा केला.

रचना साधी होती. गॅलेनाच्या स्फटिकाचा हलका टोकदार स्पर्श, त्यातून थोडीशी वीज सोडलेली आणि ती मोजायला गॅल्व्हानोमीटर. लहर आली की काटा हले, लहर थांबली की काटा आपणहून परत जागेवर. टिचकी मारायची गरज नाही. आणि खरी गंमत पुढे होती. त्या स्पर्शबिंदूवर भिंगातून साधा प्रकाश पाडला, तरी काटा हलायचा. डोळ्याला न दिसणाऱ्या विद्युत्-लहरी आणि डोळ्याला दिसणारा उजेड, दोन्ही त्या एकाच स्फटिकाला कळत होते. आपल्या डोळ्याला जेवढं दिसतं त्यापेक्षा कितीतरी मोठा पट्टा. बोसांनी याला कृत्रिम डोळ्यातला पडदा मानलं.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. प्रकाशाने विजेवर परिणाम होणारा पदार्थ बोसांच्या आधीही माहीत होता. १८७३ मध्ये विलोबी स्मिथ यांना सेलेनियममध्ये तो गुण दिसला होता. धातूच्या सल्फाइडांतून वीज एका दिशेला जास्त वाहते, हे जर्मनीत फर्डिनांड ब्राउन यांनी १८७४ मध्येच पाहिलं होतं. बोसांचं श्रेय आहे ते अशा स्फटिकापासून लहरी आणि प्रकाश टिपणारं कामाचं उपकरण बनवण्याचं. तेव्हा इलेक्ट्रॉनचा शोध नुकताच, १८९७ मध्ये, लागला होता. अर्धवाहक म्हणजे सेमीकंडक्टर काय चीज आहे, हे सांगणारा सिद्धांत यायला आणखी तीसेक वर्षं लागणार होती. नकाशाच नव्हता तेव्हाची ही वाटचाल आहे. पुढे ट्रान्झिस्टरच्या जनकांपैकी एक असलेल्या वॉल्टर ब्रॅटन यांनी सेमीकंडक्टरचा इतिहास लिहिताना, स्फटिकाने रेडिओलहरी टिपण्याचं पहिलं श्रेय बोसांना दिलं. नोबेल मिळवलेले नेव्हिल मॉट यांचं मत होतं, की बोस आपल्या काळाच्या किमान ६० वर्षं पुढे होते.

मग हा माणूस श्रीमंत का झाला नाही? इथे त्यांच्या आयुष्यातलं दुसरं नाही म्हणणं येतं.

१९०१ मध्ये बोस लंडनमध्ये असताना बिनतारी तारायंत्राच्या धंद्यातला एक बडा माणूस पेटंटचा कागद घेऊनच त्यांच्याकडे आला. सही करा, पैसे मी घालतो, नफ्यात निम्मा वाटा तुमचा. बोसांना त्या लोभाचीच शिसारी आली. ज्ञानाचा बाजार मांडायचा नाही, हा त्यांचा बाणा. त्यांनी नकार दिला आणि रवींद्रनाथ टागोरांना पत्राने ही हकिगत कळवली. त्यांच्या हिताची काळजी करणाऱ्या दोन स्त्रियांना मात्र हे पटेना. एक भगिनी निवेदिता आणि दुसऱ्या अमेरिकेच्या सारा बुल. एका नॉर्वेजियन व्हायोलिनवादकाच्या या विधवा पत्नी विवेकानंदांच्या शिष्यपरिवारातल्या होत्या. त्यांनी आग्रह धरला आणि ३० सप्टेंबर १९०१ रोजी अमेरिकेत बोसांच्या नावाने अर्ज दाखल केला. २९ मार्च १९०४ ला पेटंट मंजूर झालं, क्रमांक ७,५५,८४०. सेमीकंडक्टर उपकरणाचं हे जगातलं पहिलं पेटंट मानलं जातं. कागदावर नाव आलं, पण बोसांनी त्यातून एक पैसा कमावला नाही. १९०६ मध्ये अमेरिकेत इतरांनी सिलिकॉनचे आणि कार्बोरंडमचे डिटेक्टर काढले, घरोघरी स्फटिकाचे रेडिओ आले आणि धंदा दुसऱ्यांचा झाला. १९०९ चं नोबेल मार्कोनी आणि ब्राउन यांना मिळालं.

हा त्याग म्हणायचा की व्यवहारातली चूक? आपल्या मंडळींत यावर हमखास दोन तट पडतात. एक म्हणतो, वा, काय माणूस! दुसरा म्हणतो, म्हणूनच आपण मागे राहिलो. मला वाटतं, दोघांनीही बोसांचे दोन्ही नकार शेजारी ठेवून पाहावेत. पगार कमी मिळाला तेव्हा त्यांनी तो नाकारला, कारण तो घेणं म्हणजे आपली किंमत कमी आहे हे मान्य करणं. पेटंटचा पैसा नाकारला, कारण त्यांच्या मते ते ज्ञान त्यांच्या एकट्याचं नव्हतं. दोन्ही वेळी पैसा ही मोजपट्टी त्यांनी मानली नाही. पण दोन्ही नकारांची फळं सारखी आली नाहीत. पहिल्या नकारातून त्यांच्यामागून येणाऱ्या प्रत्येक हिंदी प्राध्यापकाला बळ मिळालं. दुसऱ्याचा फायदा इतरांनी घेतला आणि स्वतः बोसांना चांगल्या प्रयोगशाळेसाठी पुढची कित्येक वर्षं सरकारच्या दारात थांबावं लागलं. निवेदिता आणि सारा बुल यांना हे आधीच दिसलं होतं. आपल्या मुलांपैकी कुणी उद्या असं काही शोधलं, तर मी त्या दोन बायकांच्या बाजूने उभा राहीन.

त्याच काळात त्यांच्यापुढे इंग्लंडमध्येच प्राध्यापकी घेऊन स्थायिक होण्याचा पर्यायही आला होता. इथे उपकरणं होती, पैसा होता, जाणकार सहकारी होते. तिकडे कोलकात्यात अडगळीची खोली आणि वरिष्ठांची आठी. आपण सगळ्यांनी कधी ना कधी हा हिशेब मांडलेला आहे आणि आपलं उत्तर काय आलं ते आपला पत्ताच सांगतो. बोसांचं उत्तर वेगळं आलं. ते परतले. मात्र आयुष्यभर ते युरोप-अमेरिकेच्या फेऱ्या करत राहिले. काम तिथे करायचं, पण ते जगाच्या बाजारपेठेत घासूनपुसून घ्यायचं, अशी त्यांची रीत होती.

आता एक वळण सांगतो, ज्यामुळे ते भौतिकशास्त्रातून झाडांकडे गेले. आपले डिटेक्टर सतत वापरले तर मंदावतात, हे त्यांच्या लक्षात आलं. लहर येते, पण काटा पहिल्याइतका हलत नाही. थोडा वेळ विश्रांती दिली, की पुन्हा ताजेतवाने. जणू दमलेला स्नायू. मग त्यांनी धातू, झाडाचं देठ आणि प्राण्याचा स्नायू यांना सारखेच विद्युत् धक्के देऊन तिघांचे आलेख शेजारी ठेवले. ते चकित करण्याइतके सारखे होते. १९०० मध्ये पॅरिसच्या भौतिकशास्त्र परिषदेत त्यांनी हा विषय मांडला. विवेकानंद तेव्हा पॅरिसमध्ये होते आणि आपल्या देशबांधवाचं यश पाहून त्यांचा ऊर भरून आला. लंडनमध्ये मात्र १९०१ साली रॉयल सोसायटीत शरीरशास्त्राचे दिग्गज बिथरले. भौतिकशास्त्राच्या माणसाने आमच्या वावरात का शिरावं? निबंध छापला गेला नाही. पुढच्या वर्षी लिनियन सोसायटीने त्यांचं ऐकून घेतलं आणि त्याच वर्षी सजीव-निर्जीवांच्या प्रतिसादावरचं त्यांचं पुस्तकही आलं.

या समानतेवरून जड आणि चेतन यांत भेदच नाही, इथपर्यंत बोस जात. तेवढं त्यांच्या पुराव्यांनी सिद्ध होत नव्हतं आणि आजचं विज्ञानही तसं मानत नाही. पण झाडांच्या आत विजेचे संदेश धावतात, लाजाळूचं पान त्यामुळेच मिटतं, हे त्यांचं म्हणणं काळाच्या कसोटीवर उतरलं. झाडाची वाढ हजारो पटींनी मोठी करून दाखवणारं क्रेस्कोग्राफ हे यंत्र त्यांनी बनवलं. त्यावर १९२० मध्ये लंडनमध्ये शंका घेतली गेली, तेव्हा त्यांनी युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये तज्ज्ञांसमोर प्रयोग करून दाखवला. तज्ज्ञांनी वर्तमानपत्रात पत्र लिहून ग्वाही दिली. त्याच वर्षी ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. एकोणीस वर्षांपूर्वी याच संस्थेने त्यांचा निबंध बाजूला ठेवला होता.

३० नोव्हेंबर १९१७ ला, आपल्या एकोणसाठाव्या वाढदिवशी, त्यांनी कोलकात्यात बोस इन्स्टिट्यूट सुरू केली. आयुष्यभराची बचत त्यात ओतली. देणग्या देशभरातून आल्या, मुंबईतूनही आल्या. इथे लागलेले शोध सगळ्यांसाठी खुले राहतील, त्यांची पेटंटं घेतली जाणार नाहीत, असं त्यांनी उद्घाटनालाच जाहीर केलं. म्हणजे ते आपल्या मताला शेवटपर्यंत चिकटून राहिले. तोवर निवेदिता हयात नव्हत्या. त्यांच्या आठवणीसाठी संस्थेत हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचं शिल्प बसवलं गेलं. बोसांचं पहिलं मोठं चरित्र १९२० मध्ये आलं. ते लिहिणारे पॅट्रिक गेडिस तेव्हा मुंबई विद्यापीठात नागरिकशास्त्र आणि समाजशास्त्राचे प्राध्यापक होते. २३ नोव्हेंबर १९३७ रोजी गिरिडीह इथे बोसांचं निधन झालं. एकोणऐंशीवा वाढदिवस आठवड्यावर आला होता.

आणि तो दमणारा स्फटिक? तोच धागा आज पेरोव्हस्काइटपर्यंत येतो. मूळ पेरोव्हस्काइट हे कॅल्शियम आणि टायटॅनियमचं खनिज. १८३९ मध्ये रशियाच्या उरल पर्वतातून आलेल्या दगडात गुस्ताव्ह रोझ यांनी ते ओळखलं आणि लेव्ह पेरोव्स्की या रशियन सरदाराचं नाव त्याला दिलं. त्याच्या अणूंची रचना म्हणजे पिंजरे आणि पिंजऱ्यांच्या पोकळीत बसलेला पाहुणा. तशीच रचना, पण पिंजरा शिसे आणि आयोडीनचा आणि आतला पाहुणा कार्बनयुक्त सेंद्रिय रेणू, असं केलं की तो झाला हायब्रिड. असे स्फटिक १९७८ मध्ये जर्मनीत डिटर वेबर यांनी बनवले. २००९ मध्ये जपानच्या त्सुतोमु मियासाका यांच्या गटाने त्यांच्याकडून प्रकाशातून वीज मिळवली आणि मग प्रकाश टिपणाऱ्या उपकरणांसाठीही त्यांचा विचार सुरू झाला.

त्यांचं कौतुक कशासाठी? सिलिकॉनचा स्फटिक वाढवायचा तर तो १४०० अंश सेल्सियसच्या वर वितळवावा लागतो. पेरोव्हस्काइट मात्र द्रावणातून, थोड्याशा उष्णतेवर वाढतो, आपली खडीसाखर दोऱ्यावर धरते ना, जवळपास तसाच. घटक थोडे बदलले की त्याला कोणते रंग दिसावेत हेही ठरवता येतं. जड शिशामुळे तो क्ष-किरणही चांगले अडवतो. म्हणून कमी क्ष-किरणांत स्पष्ट फोटो काढणारी यंत्रं त्यातून होतील, अशी आशा आहे. दोषही आहेत. ओल सोसत नाही, शिसं विषारी, आणि तिसरा दोष वाचला तेव्हा मी थबकलो. सतत उजेडात ठेवला तर हा स्फटिक मंदावतो आणि अंधारात विश्रांती दिली की पुष्कळदा सावरतो. कारण आता कळलं आहे. पिंजऱ्यातले विद्युत्भारित कण प्रकाशात जागा सोडून सरकतात आणि अंधारात बऱ्याच अंशी परत येतात. बोसांच्या गॅलेनात किंवा धातूच्या किसात घडत होतं ते अगदी हेच, असं म्हणता येणार नाही. पण दमलेल्या पदार्थाला निकामी समजून फेकून न देता, तो का दमला आणि सावरला कसा, हे आलेख काढून विचारण्याची रीत तीच आहे.

पुढच्या सुट्टीत भारतात जाल आणि कोलकात्याला पाय लागले, तर आचार्य प्रफुल्लचंद्र रोडवर बोस इन्स्टिट्यूट आहे. तिथल्या संग्रहात जगदीशचंद्रांची उपकरणं जपून ठेवलेली आहेत. मुलांना सोबत न्या. पत्रेवाल्याने ठोकून बनवलेली नळकांडी, तागाची जुडी, टोकदार स्पर्शाचा तो छोटा डिटेक्टर, सगळं बघून होईल. मग त्यांच्या हातातला मोबाइल उन्हात धरायला सांगा आणि स्क्रीन उजळली की विचारा, याला ऊन पडलेलं कळलं कसं?